अंगठा आणि अनामिका

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

एकट्या गिटारवर बोसा नोव्हा हे ब्राझीलचे हळुवार संगीत वाजवताना चाल आणि ठेका यांचे पूर्ण जमू देऊ नये, त्यांच्यात थोडी कुरबूर राहू द्यावी, हे माझे जुने मत आज आपल्यासमोर मांडायचे आहे. समोर बहुतेक गिटार वाजवणारेच बसलेले दिसतात, त्यामुळे बोसा नोव्हाचे संगीतकार जोबिम कोण होते इथपासून मी सुरुवात करणार नाही.

त्याआधी एक तक्रार मात्र नोंदवतो. एका हॉटेलाने मला रात्रीच्या जेवणाच्या वेळी वाजवायला बोलावले होते. तेथील व्यवस्थापकांनी अत्यंत नम्रपणे सुचवले की, लोकांना ऐकू येईल पण ऐकावेसे वाटणार नाही असे काहीतरी वाजवा, बोसा नोव्हा चालेल. (आपण हसता आहात, म्हणजे आपल्यापैकी काहींनी तेथे जेवण केलेले असावे.) सभागृहातील वातानुकूलन यंत्राच्या घरघरीनेही जो अस्वस्थ होत असे, त्या गायक-गिटारवादक जुआंव जिल्बेर्तोच्या संगीताला सुपाच्या भुरक्यांची साथ मिळावी, हा अन्याय मला अजून पचलेला नाही.

हा जिल्बेर्तो बाहिया प्रांतातील जुआझेरूचा. रिओमध्ये जम बसेना, तेव्हा 1950 च्या दशकाच्या मध्यावर तो दियामांतिना गावी बहिणीच्या घरी जाऊन राहिला आणि तेथील न्हाणीघरात तासन् तास गिटार घेऊन बसू लागला, कारण फरशीच्या भिंतींमुळे हळू गायलेला सूरही स्पष्ट घुमत असे. पुढे घरच्यांनी काळजीपोटी त्याला मानसोपचारासाठी नेले. त्या वेळचा एक किस्सा सांगितला जातो. खिडकीबाहेर पाहत तो म्हणाला की, वारा झाडांचे केस उपटतो आहे. झाडांना केस नसतात, असे डॉक्टरीणबाईंनी निदर्शनास आणून दिले, त्यावर तो उत्तरला की, काही माणसांकडे कविताही नसते. किस्सा कितपत खरा हे बाजूला ठेवू. पण 1958 मध्ये ‘शेगा दे साउदादे’ या त्याच्या गाण्याची तबकडी निघाली, तेव्हा त्या न्हाणीघरातले काम साऱ्या ब्राझीलला ऐकू आले.

संयोजकांची चिठ्ठी आलेली आहे, तेव्हा मुख्य मुद्दा आता भराभर सांगतो.

जिल्बेर्तोने सांबा या ब्राझीलच्या नृत्यसंगीताचे अख्खे वाद्यवृंद उजव्या हातात आणले. अंगठ्याकडे सुर्दू या मोठ्या ढोलाचे काम, म्हणजे दोन मात्रांवर सरळ पडणारा खर्ज. तर्जनी, मध्यमा आणि अनामिका यांच्याकडे तांबोरिम या छोट्या तालवाद्याचे काम, म्हणजे मात्रेच्या अलीकडे-पलीकडे एकदम उचललेला काही स्वरांचा जुडगा, अर्थात कॉर्ड. गळा या दोघांनाही न जुमानता कधी पुढे, कधी मागे राहत असे. गायक नसला की हा तिसरा गडी अनामिकेत येऊन बसतो, आणि इथेच बहुतेक छापील मांडण्या फसतात, कारण त्या चालीचा प्रत्येक स्वर कॉर्डच्या डोक्यावर ठेवून देतात. मग ठेका आणि चाल एकदमच पडतात आणि त्यांच्यातली ओढाताण संपते.

उपाय असा की, कॉर्डमधले स्वर कमी करावेत. 1962 च्या ‘गरोता दे इपानेमा’ या जोबिमच्या गाण्याची सुरुवात एफ पट्टीत घ्या: चालीत जी आणि ई हे स्वर आहेत, म्हणजे एफपासून मोजता कॉर्डचा नववा आणि सातवा स्वर आधीच चालीत आहेत. खाली खर्जाचा एफ आणि मध्ये एकटा ए पुरतो. बोटे मोकळी झाली की चालीचा स्वर कॉर्डच्या अर्धी मात्रा आधी किंवा नंतर टाकता येतो. जोबिम आणि न्यूटन मेंदोन्सा यांच्या ‘सांबा दे उमा नोता सो’मध्ये चालीचा सूर जागेवर राहतो आणि खालच्या कॉर्ड अर्ध्या-अर्ध्या सुराने उतरतात, पण तेथे चालच ठेक्यासारखी तुटक असल्यामुळे दोन्ही नकळत एकत्र चिकटतात, म्हणून ती रचना सोपी वाटली तरी सरावासाठी आधी घेऊ नये.

सरावात आधी अंगठा आणि कॉर्ड चालू ठेवून चाल तोंडाने गावी, तीही मुद्दाम उशिरा. अंगठा न अडखळता असे गाता येऊ लागले, की मगच ती अनामिकेकडे सोपवावी. आणि अनामिकेने चाल घेतल्यावर ठेक्याच्या कॉर्ड तर्जनी व मध्यमा या दोघींनीच उचलाव्यात.