रुळांच्या दोन बाजू

(ड्रोन : नागपूर स्टेशन, फलाट, दूरवर गेलेले रूळ)

वरून पाहिलं की नागपूर आपसूकच दोन होतं. एकीकडे सीताबर्डी, धरमपेठ. दुसरीकडे महाल, इतवारी. मधे रेल्वे. पलीकडे जायला रामझुला, लोहापूल, असे मोजकेच रस्ते.

(पडद्यावर नकाशा, चौकांचे ठिपके उमटतात)

प्रत्येक चौक म्हणजे नोड, प्रत्येक रस्ता म्हणजे एज. झाला ग्राफ, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं जाळं! आता याचे साधारण सारखे दोन भाग करा, आणि तुटणारे रस्ते कमीत कमी ठेवा. रुळांवरून कापा, असं कुणीही म्हणेल. पण दोन्हीकडच्या चौकांची संख्या सारखी नसली तर रेषा वस्तीत शिरते आणि गल्ली-गल्ली तुटायला लागते. दोन्ही अटी एकदम पाळायच्या, गोम तिथेच आहे. हमखास अचूक आणि झटपट उत्तर देणारी रीत आजही कुणाकडे नाही.

(फळा, खडू, दोन रंगांचे गोल)

हे मात्र सावकाश बघा. १९७० साली बेल लॅब्समधल्या केर्निघन आणि लिन यांची रीत. सर्किटचे भाग वेगवेगळ्या बोर्डांवर असे बसवायचे की बोर्डाबोर्डांतल्या जोडण्या कमी लागाव्यात, हा त्यांचा प्रश्न. आधी कशीही अर्धी-अर्धी वाटणी. मग इकडचा एक नोड तिकडे, तिकडचा इकडे. जिच्या अदलाबदलीने तुटणाऱ्या जोडण्या सगळ्यात जास्त घटतात, ती फायद्याची जोडी आधी. हललेली जोडी त्या फेरीत पुन्हा हलवायची नाही. तोटा दिसू लागला तरी थांबायचं नाही! फेरी संपल्यावर मागे बघायचं : एकूण फायदा सर्वाधिक कुठे होता? तिथवरचे बदल ठेवा, पुढचे पुसा. हे एकदा तरी हाताने करावं. नुसतं तयार सॉफ्टवेअरचं बटण दाबून कळत नाही.

(स्क्रीन : ठिपके एकमेकांत मिसळतात, पुन्हा सुटतात)

लाखो नोड असले की खडू पुरत नाही. रुडकीत शिकलेले विपिन कुमार आणि जॉर्ज कारिपिस यांनी मिनेसोटा विद्यापीठात 'मेटिस' हे ग्राफ वाटण्याचं सॉफ्टवेअर घडवलं, नव्वदच्या दशकात. शेजारचे नोड जोडी-जोडीने एकत्र करायचे, पुन्हा करायचे, ग्राफ आटोक्यात येईपर्यंत. त्या छोट्या ग्राफवर कट, म्हणजे दोन भाग पाडणारी रेषा, घ्यायचा. मग एकेक थर उलगडत कट सुधारत यायचा, आणि सुधारणा पुन्हा त्याच जुन्या अदलाबदलीच्या वळणाची.

(सर्व्हर रूम, काही सेकंद)

चिपची आखणी असो, महासंगणकावर विमानाभोवतीच्या हवेचा हिशेब असो, आधी ही वाटणी लागते.