उसानंतरचे गवत

लहायना गावातला वड 1873 साली लावला गेला आणि त्याचे रोप भारतातून आले होते. हवाईमधील माउई बेटावरचे, एके काळी तेथील राजेशाहीची राजधानी असलेले लहायना हे गाव 8 ऑगस्ट 2023 च्या दुपारी पेटले, तेव्हा हा वडही होरपळला. आगीत 102 माणसे गेली आणि 2,200 हून अधिक इमारती नष्ट झाल्या.

आगीला निमित्त झाली ती विजेची तुटलेली तार. सकाळी विझली असे समजलेली आग दुपारी पुन्हा भडकली आणि डोंगरउतारावरून सुटलेल्या सोसाट्याच्या वाऱ्याने ती वस्तीत आणली. मात्र तिला मिळालेले जळण उसाने मागे ठेवले होते. एकोणिसाव्या शतकात मळ्यांसाठी डोंगरातले ओढे पाटांत वळवले गेले. जिथे राजघराण्याचे वास्तव्य होते, ते मोकुहिनिया तळेही पुढे बुजवण्यात आले. 1999 मध्ये साखर कारखाना बंद पडला, मळे पडीक झाले आणि त्यांवर गिनी गवत माजले. आपल्याकडे गुरांच्या चाऱ्यासाठी मुद्दाम लावतात, तेच हे गवत: पावसात पुरुषभर वाढते आणि दुष्काळात कडकडीत वाळते.

उसाने माणसेही आणली होती. 1906 पासून फिलिपिन्सहून मजूर येऊ लागले. त्यांना ‘सकादा’ म्हणत. मळे गेल्यावर हॉटेले आली, आणि खोल्या आवरण्यापासून स्वयंपाकापर्यंतची त्यांतली कामे बऱ्याच अंशी फिलिपिनो कुटुंबांकडे आली. महाग भाड्यामुळे एकेका घरात दोन-तीन पिढ्या दाटीने राहत. त्या दिवशी धोक्याचे भोंगे वाजलेच नाहीत आणि मोबाइल सेवाही कोलमडली. मृतांत बहुसंख्य साठी ओलांडलेले होते, हा योगायोग मानता येत नाही.

आगीनंतर हजारो बेघरांना हॉटेलांतच ठेवण्यात आले, त्यामुळे काही कर्मचारी स्वतःच्याच कामाच्या ठिकाणी आश्रित झाले. ज्यांची मालकीची घरे होती, त्यांच्याकडे निदान विमा किंवा जमिनीचा तुकडा उरला. भाडेकरूंच्या हाती मात्र काहीच नव्हते; आपत्तिग्रस्तांसाठी सरकार चढे भाडे देऊ लागल्यावर बेटावर इतरत्र राहणाऱ्या जुन्या भाडेकरूंनाही घरमालक बाहेर काढत असल्याच्या तक्रारी झाल्या.

नेवाडाच्या वाळवंटातील लास व्हेगासला आठ मुख्य बेटांच्या हवाईचे लोक थट्टेने ‘नववे बेट’ म्हणतात, कारण महागाईला कंटाळून आधीपासूनच अनेक जण तिकडे जात होते. आता लहायनातली काही कुटुंबेही तेथे राहतात.