काचेवरचा उंदीर

मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला हा तुकडा उंदराच्या यकृताचा. मायक्रोटोम या काप काढायच्या यंत्राचं चाक फिरतं, पात्यावरून मेणाची रिबन सरकत येते. एकेक काप जेमतेम ५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पाचपट. श्वास जोरात सोडला तरी उडेल. रिबन कोमट पाण्यावर सोडायची. सुरकुती पडली की काप बाद. मग खालून काच सरकवायची आणि काप अलगद उचलून घ्यायचा.

आता रंग. हिमॅटॉक्सिलिनमुळे पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, इओसिनमुळे बाकी सगळं गुलाबी.

ही काच निरोगी उंदराची. मधोमध बारीकशी शीर, तिच्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या पेशींच्या रांगा.

आणि ही दुसरी. या उंदराला आदल्या दिवशी तेलात मिसळून कार्बन टेट्राक्लोराइड दिलं होतं. गोडसर वासाचा, बिनरंगी द्रव. एके काळी ड्रायक्लीनिंगला आणि यंत्रांचं ग्रीस काढायला सर्रास वापरायचे. मधल्या शिरेभोवती बघा: पेशी फुगल्यात, आत पांढरी भोकं. तिथे चरबी साठली होती. मेणात घालण्याआधीच्या द्रावणांत ती विरघळली, जागा तेवढी उरली. कित्येक पेशींत केंद्रकच नाही. कडेच्या पेशी मात्र बऱ्याचशा शाबूत.

मधल्याच का? यकृतातलं सीवायपी२ई१ हे एन्झाइम या द्रवाचा रेणू मोडायला घेतं. त्यातला एक क्लोरीन सुटतो आणि मागे राहतो ट्रायक्लोरोमिथाइल रॅडिकल, दिसेल त्याच्याशी अभिक्रिया करणारा अस्थिर तुकडा. खरं विष ते. पेशींच्या चरबीच्या पटलांना तेच कुरतडतं. आणि हे एन्झाइम सगळ्यात जास्त असतं मधल्या शिरेभोवतीच्या पेशींत. म्हणजे साफसफाईला जी पुढे, तीच आधी मरते.

एकाच डोसनंतर यकृत आठवड्या-दोन आठवड्यांत भरून येतं. आठवड्यातून दोनदा, असा दीड-दोन महिने डोस चालू राहिला की ही तिसरी काच. सिरियस रेड या रंगानं रंगवलेली. लाल धागे कोलॅजनचे, म्हणजे व्रणात भरणाऱ्या प्रथिनाचे, एका शिरेपासून दुसरीपर्यंत विणत गेलेले.

उंदरात दिसतं ते माणसातही दिसू शकतं. विनाइल क्लोराइड हा पीव्हीसी प्लास्टिकचा कच्चा माल हाताळणाऱ्या कामगारांमधला यकृताचा दुर्मिळ कर्करोग १९७४ मध्ये जगजाहीर झाला. इटलीतल्या प्रयोगशाळेत उंदरांमध्ये तो त्याआधीच दिसला होता.

पिंजऱ्यावरचं कार्ड. क्रमांक, वजन, डोसची तारीख. नावाला रकाना नाही. तोच क्रमांक काचेच्या खरखरीत टोकावर उतरवला जातो, पेन्सिलनं. शाई झायलीन या मेण विरघळवायच्या द्रवात पुसली जाते.