जळगावचं विमान टिकत का नाही?

हा बघा आपला जळगावचा एअरपोर्ट. २०१२ ला उद्घाटन झालं, तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते, म्हणजे आपल्याच जळगावच्या लेकीच्या हस्ते. मुंबईचं विमान सुरू व्हायला मात्र २०१७ चा डिसेंबर उजाडला, ते पण १८-१९ सीटांचं, आणि ते काही फार दिवस चाललं नाही. मग २०१९ ला दुसरी कंपनी आली, गेली, २०२४ ला परत नवीन.

हे सगळं उडान स्कीममधलं, म्हणजे छोटी शहरं विमानाने जोडायची केंद्र सरकारची योजना. बोली लागते, जी कंपनी कमी सबसिडी मागेल तिला रूट, आणि मग ३ वर्षं त्या रूटवर ती एकटीच. सुरुवातीला कोणी यायलाच तयार नसतं म्हणून हे ठीक आहे, मला पटतं. पण त्या ३ वर्षांत ती कंपनी मधेच निघून गेली तर प्रवाशाने जायचं कुठे?

माझ्या मामांना मुंबईला तपासणीला जायचं होतं. बॅग भरलेली, मामीने भरताची वांगी पण बांधून दिलेली लेकीसाठी, आणि रात्री साडेनऊला मेसेज, फ्लाइट कॅन्सल. मामी म्हणे, "आते काय करो?" भुसावळहून रेल्वेचं तिकीट मिळेना, शेवटी ट्रॅव्हल्सची मागची सीट घेऊन रात्रभर हादरे खात गेले. रिफंड आला नंतर, पण डॉक्टरांची वेळ गेली ती गेलीच.

देशातही तेच चित्र. १९५३ ला कायदा करून विमानसेवा सरकारने ताब्यात घेतली, १९९४ ला तो कायदा रद्द करून खासगी कंपन्यांना दार उघडलं, कंपन्या भरपूर आल्या पण जेट, गो फर्स्ट बंद पडल्या, आणि आज १० पैकी जवळपास ९ प्रवासी दोनच ग्रुपच्या विमानात बसतात. डिसेंबर २०२५ ला इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा भाडी इतकी चढली की सरकारला कमाल भाडं ठरवून द्यावं लागलं, ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार.

नुसती परवानगी देऊन स्पर्धा होत नाही हो. मुंबईत सकाळचा स्लॉट, म्हणजे उतरायची-उडायची ठरलेली वेळ, छोट्या विमानाला राखून ठेवा, मधेच सोडून जाणाऱ्याकडून दंड घ्या, आणि तो रूट लगेच दुसऱ्याला द्या.

मामा आता विमानाचं तिकीट काढलं की ट्रॅव्हल्सची स्लीपर पण बुक करून ठेवतात.