ऑब्जेक्टला त्याचा क्लास विचारताना

[पडद्यावर: कोडची एकच ओळ. व्हेरिएबलच्या नावाआधी ‘पेमेंट’ हा टाइप.]

एका दुकानाच्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये ‘पेमेंट’ नावाचा क्लास, म्हणजे एका प्रकारच्या वस्तूंचा आराखडा, आहे आणि रोख, यूपीआय व धनादेश हे त्याचे तीन सबक्लास, म्हणजे उपप्रकार, आहेत, असे समजू. कोडमध्ये व्हेरिएबलचा (किंमत ठेवण्याच्या नावाचा) टाइप, म्हणजे प्रकार, ‘पेमेंट’ एवढाच लिहिलेला असतो आणि कोड तपासून संगणकाच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरलाही तेवढेच ठाऊक असते. त्या नावामागे या घटकेला यूपीआयचा ऑब्जेक्ट (त्या क्लासवरून घडवलेली प्रत्यक्ष वस्तू) आहे की धनादेशाचा, हे मात्र प्रोग्राम चालू असतानाच, प्रत्यक्ष त्या ऑब्जेक्टला विचारूनच कळू शकते.

असे विचारण्याची सोय ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगइतकीच जुनी आहे. ओस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी घडवलेल्या सिम्युला ६७ या भाषेत क्लास आणि सबक्लास आले, तेव्हाच त्यांच्यासोबत दोन निरनिराळे प्रश्नही आले. ऑब्जेक्ट नेमका याच क्लासचा आहे का, हे ‘इझ’ या शब्दाने विचारले जाई. तो या क्लासचा किंवा त्याच्या एखाद्या सबक्लासचा आहे का, हे ‘इन’ या शब्दाने. फरक बारीक दिसतो, पण आजही पाय घसरतो तो इथेच. पायथॉन या भाषेत ‘ट्रू’ (खरे) ही किंमत पूर्णांक आहे का, असे ‘आयझिन्स्टन्स’ या क्लास तपासणाऱ्या फंक्शनला विचारले तर उत्तर होकारार्थी येते, कारण त्या भाषेत खरे-खोटे सांगणारा ‘बूल’ हा पूर्णांकाच्या ‘इंट’चा सबक्लास आहे. मालाच्या नगांच्या जागी चुकून ‘ट्रू’ आले, तर ही तपासणी त्याला बिनदिक्कत आत सोडते आणि बेरजेत तो एक नग म्हणून मोजला जातो.

[पडद्यावर: मेमरीचा एक तुकडा, बाइटागणिक आखलेला.]

ऑब्जेक्ट हे उत्तर देतो कसे, हे जवळून पाहण्याजोगे आहे. जावा भाषेतील प्रोग्राम चालवणाऱ्या हॉटस्पॉट या व्हर्च्युअल मशीनमध्ये, ६४ बिटांच्या संगणकावरील नेहमीच्या मांडणीत, ऑब्जेक्टच्या सुरुवातीला त्याच्याविषयीच्या नोंदींचा १२ बाइटांचा हेडर असतो. त्यांतील ४ बाइटांत, ऑब्जेक्ट ज्या क्लासचा आहे त्या क्लासची माहिती कुठे ठेवली आहे याचा पत्ता असतो. त्या माहितीत पूर्वज क्लासांचा आठ घरांचा एक लहानसा तक्ता असतो आणि वंशावळीतील पायरीनुसार प्रत्येक पूर्वजाचे घर ठरलेले असते. त्यामुळे जावात ‘इन्स्टन्सऑफ पेमेंट’, म्हणजे हा ‘पेमेंट’पैकी आहे का, असे विचारल्यावर वंशावळ एकेक पायरी चढत जावे लागत नाही. ठरलेल्या घरात डोकावून ‘पेमेंट’ आहे की नाही, एवढेच पाहायचे. इंटरफेसची (क्लासने कोणती कामे करायची, एवढेच ठरवणाऱ्या करारांची) यादी वेगळी असते आणि तिथे कधीकधी थोडे अधिक शोधावे लागते. तरीही, ही तपासणी संथ असते म्हणून ती टाळावी, हा वारंवार दिला जाणारा सल्ला मला पटत नाही. टाळण्याचे खरे कारण निराळे आहे.

पैसे परत करण्याची मेथड, म्हणजे ते काम करणारा कोडचा भाग, पाहा. पेमेंट रोख असेल तर हे करा, नाही तर यूपीआय असेल तर ते करा, आणि दोन्ही नसेल तर धनादेश समजा. पुढे दुकान वॉलेटनेही पैसे घेऊ लागते आणि चौथा सबक्लास तयार होतो. कंपायलर काहीही बोलत नाही, प्रोग्राम सुरळीत चालतो आणि वॉलेटच्या ग्राहकाच्या नावाने धनादेश निघतो. अशी शिडी पावती, अहवाल आणि कराचा हिशेब यांतही लिहिलेली असेल, तर चारही ठिकाणे आठवणीने शोधावी लागतात. त्याऐवजी ‘परतावा’ ही अॅबस्ट्रॅक्ट मेथड (नुसते नाव असलेली, आतला कोड सबक्लासवर सोडलेली) ‘पेमेंट’मध्येच जाहीर केली, तर प्रत्येक सबक्लासला आपले उत्तर द्यावेच लागते आणि ऑब्जेक्ट कोण आहे हे विचारण्याची गरजच उरत नाही.

सी प्लस प्लस ही भाषा घडवणाऱ्या बियार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी केंब्रिजमध्ये सिम्युला वापरताना नेमका हाच गैरवापर पाहिला होता, म्हणून आपल्या भाषेत त्यांनी ही सोय सुरुवातीला जाणीवपूर्वक ठेवली नाही. पण गरज खरी होती. मोठमोठ्या लायब्रऱ्यांनी (इतरांना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचांनी) आपापल्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या युक्त्या रचल्या, आणि अखेर १९९३ मध्ये हाच प्रश्न विचारणारा ‘डायनॅमिक कास्ट’ प्रमाण भाषेच्या मसुद्यात स्वीकारला गेला. परक्या लायब्ररीच्या क्लासात आपली मेथड घालता येत नाही, तिथे विचारण्यावाचून गत्यंतर नसते.

अलीकडे जावाने या प्रश्नाला शिस्त लावली आहे, आणि मला ती मनापासून मोलाची वाटते. २०२१ मध्ये आलेल्या जावा १७ पासून ‘सील्ड’ क्लासला आपले सबक्लास कोणते, हे आधीच जाहीर करता येते. २०२३ च्या जावा २१ पासून ‘स्विच’मध्ये, म्हणजे अनेक पर्यायांतून एक वाट निवडणाऱ्या रचनेत, थेट टाइपनुसार वाटा पाडता येतात.

[पडद्यावर: तोच परताव्याचा कोड, आता ‘स्विच’च्या रूपात.]

‘पेमेंट’ सील्ड केले, ‘स्विच’मध्ये ‘डिफॉल्ट’ची (उरलेल्या सगळ्यांसाठीची) वाट ठेवली नाही आणि मग वॉलेट हा चौथा सबक्लास जोडला. आता प्रोग्राम कंपाइलच होत नाही; परताव्याच्या ओळीवर बोट ठेवून कंपायलर सांगतो की इथे सर्व शक्यता हाताळलेल्या नाहीत.