आधी पीस वाकवून पाहा

नमस्कार. टेबलावर दोन पिसं ठेवली आहेत. एक कोंबड्याच्या मानेवरचं, दुसरं तितराच्या पाठीवरचं. आजचं सगळं बोलणं या दोघांभोवतीच आहे, कारण मासे पकडण्यासाठी गळावर पिसं-दोऱ्यानं बांधलेल्या नकली माशीत जीव येतो तो पिसातून. रंग, लोकर, चमकी तार हे सगळं नंतर.

कोंबड्याचं पीस दोन बोटांत धरून गोल वाकवा. तंतू ताठ उभे राहतात, ओठाला टेकवले तर टोचतात. आता तितराचं वाकवा. तंतू लवतात, नुसत्या फुंकरीनं हलतात. पहिलं पीस पाण्यावर उभं राहण्यासाठी, दुसरं पाण्यात श्वास घेण्यासाठी. बांधायला बसण्याआधी एवढं ठरलं नाही, तर पुढची मेहनत फुकट जाते.

ही समज फार जुनी आहे. इ.स. 200 च्या सुमारास एलियन या रोमन लेखकानं मॅसेडोनियातल्या कोळ्यांची रीत लिहून ठेवली: गळाभोवती लाल लोकर गुंडाळायची आणि कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं त्यावर बांधायची. मासे होते अंगावर ठिपके असलेले. आजच्या माशीचा सांगाडा तोच आहे.

ताठ पीस काय करतं, ते माशाच्या बाजूनं बघू. खालून वर पाहताना माशाला बाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. हा कोन साधारण 97 अंशांचा. त्या गोलाबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा असतो. ड्राय फ्लायच्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या माशीच्या, तंतूंची टोकं या आरशाला बारीक खळगे पाडतात आणि माशाला तिथे प्रकाशाचे ठिपके दिसतात. मेफ्लाय या खऱ्या पाणकिड्याचे पायही तेच करतात. माशी खिडकीत शिरायच्या आधीच या ठिपक्यांनी मासा सावध झालेला असतो. म्हणून तंतूंची लांबी गळाच्या तोंडाच्या, म्हणजे टोक आणि दांडी यांच्यातल्या अंतराच्या, दीडपट ठेवतात. कण्यालगतचा मऊ, एकमेकांत गुंतलेला भाग पाणी पितो, तो ड्राय फ्लायला चालत नाही.

एक गोष्ट जाता जाता. राखाडी-निळसर पीस पूर्वी फार दुर्मीळ असे. तशा दोन निळ्या कोंबड्यांच्या जोडीतून सरासरी निम्मीच पिल्लं निळी निघतात. उरलेली काळी किंवा ठिपक्यांची पांढरी. आता पिसांसाठीच जोपासलेल्या जाती आहेत आणि कमरेवरच्या एका लांब पिसात कित्येक माशा होतात. 2011 मध्ये हीच पिसं केसांत माळायची फॅशन आली, तेव्हा बांधणाऱ्यांना ती मिळेनाशी झाली होती.

पण माझं मन रमतं ते मऊ पिसात. उत्तर इंग्लंडातल्या वेगवान नद्यांवरच्या ‘स्पायडर’ माशा बघा: रेशमी दोऱ्याचं अंग आणि पुढे पिसाची विरळ झालर, बास. जपानी डोंगरी ओढ्यांवरच्या तेंकारा मासेमारीत झालर उलटी, गळाच्या नेढ्याकडे (दोरी ओवायच्या भोकाकडे) झुकलेली असते. तिला ‘साकासा केबारी’ म्हणतात. दोरी जराशी ताणली की तंतू मागे मिटतात, सैल सोडली की पुन्हा पुढे उघडतात. तिथला इवाना हा मासा चार कुळातला. इथे ‘चार’ हे माशाचं नाव, आकडा नव्हे. ब्रूक ट्राउटही नावानं ट्राउट असला तरी खरा चारच. ओळख सोपी: ट्राउटच्या फिकट अंगावर गडद ठिपके, चारच्या गडद अंगावर फिकट.

आता हात चालवू. चौदा नंबरचा गळ, मेण लावलेला नारिंगी रेशमी दोरा. नेढ्यामागे नेढ्याएवढी जागा मोकळी सोडा; डोकं मावायला ती लागते आणि नवखा माणूस नेमका तीच भरून टाकतो. दोरा दांडीवरून टोकाच्या वरपर्यंत नेऊन परत आणा. तितराच्या पिसाच्या बुडाची लव काढा. शेंड्याचे थोडे तंतू वेगळे धरा, बाकीचे उलट दिशेनं चोळून उभे करा. शेंड्याकडून बांधा, पिसाची फुगीर बाजू नेढ्याकडे. चिमट्यात कणा धरून दीड वेढा, फार तर दोन. वेढा घेताना ओल्या बोटांनी तंतू मागे सारत राहा. ते गळाच्या वळणापर्यंत पोचले की पुरे. मग दोऱ्याची गाठ आणि वर वार्निशचा एक थेंब.

दीडच का? माझ्या पहिल्या हंगामातल्या माशा मी जपून ठेवल्या आहेत. पाच-पाच, सहा-सहा वेढे, भरगच्च. मासा वर यायचा, अगदी जवळ यायचा आणि वळून जायचा. एका संध्याकाळी फांदीत अडकून एका माशीचे निम्मे तंतू तुटले. दुसरी बांधायला उजेड उरला नव्हता, म्हणून तीच टाकली. लागोपाठ तीन मासे आले. दाट झालर पाण्यात एकच गोळा होते. विरळ झालरीतला प्रत्येक तंतू सुटा हलतो आणि त्याच्या फटींतून अंगाचा नारिंगी रंग दिसतो.

प्रत्येकाच्या पुढ्यात तीन गळ, दोरा, पिसं आणि पाण्याचा ग्लास आहे. माशी झाली की ती दोऱ्याला बांधून ग्लासात सोडा आणि हलकेच वर-खाली करा. वर ओढताना तंतू मिटले पाहिजेत, थांबल्यावर उघडले पाहिजेत. नाही उघडले, तर ब्लेडनं झालर कापा, दुसरं पीस घ्या आणि अर्धा वेढा कमी करून पुन्हा बांधा. मी टेबलांमधून फिरतोय, हाक मारा.