शीर रोज एक मिलिमीटर

मंडळी, अपघातात घरातल्या कुणाचा हात लुळा पडला असेल, तर सुरुवातीलाच सांगते, व्यायामाने शीर लवकर वाढत नाही. शीर म्हणजे इथे रक्ताची नव्हे, हात हलवणारा मज्जातंतू. मानेतून पाच मुळं निघतात, खांद्याकडे येताना एकमेकांत गुंफतात आणि त्या जाळ्यातून हाताच्या शिरा फुटतात. बाईकवरून पडताना मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे गेला की हे जाळं ताणलं जातं, कधी तुटतं. आतून इजा झालेली शीर पुन्हा वाढते ती रोज साधारण १ मिलिमीटर. मानेपासून बेटकुळीपर्यंतचं अंतर वीतभर धरलं, तरी बेटकुळी हलायलाच सात-आठ महिने गेले. मूळच मज्जारज्जूपासून उपटलं असेल तर ते आपोआप जुळत नाही. म्हणून सर्जनला पहिल्याच महिन्यात दाखवा. शस्त्रक्रिया लागणारच असेल, तर ती पहिल्या सहा महिन्यांत झालेली बरी.

मग आत्ता व्यायाम कशासाठी? शीर पोचेल त्या दिवशी सांधा आखडलेला नसावा, म्हणून. आणि तोवर आपल्याच हातून त्याला इजा होऊ नये, हे मी त्याहून मोठं काम मानते.

माझ्याकडे लालबागचा एक मुलगा यायचा. त्याची आई सकाळ-संध्याकाळ त्याचं मनगट धरून हात थेट डोक्यावर न्यायची. "मॅडम, एक दिवस खाडा केला नाही," असं तिने मला सांगितलं. मी शर्ट काढायला लावला. खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली खळगा पडला होता, माझं बोट त्यात सहज मावलं. खांद्याची खोबणी उथळ, गोळा जागेवर राहतो तो बराचसा स्नायूंच्या जोरावर. स्नायू लुळे पडले की हाताच्या वजनानेच गोळा खाली उतरतो, आणि अशा सांध्याला मनगटाने वर ओढलं की आतल्या मऊ भागांना चेप बसतो. त्या माउलीची काहीच चूक नव्हती. तिला कोणी नीट दाखवलंच नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा हात उचलायचा तो कोपराखाली तळवा देऊन, सगळं वजन आपल्या हातावर घेऊन. दुसऱ्या हाताने मनगट फक्त सांभाळायचं. फिजिओने सांगेपर्यंत खांद्याच्या उंचीवर थांबायचं. छताला कप्पी टांगून दोरीने हात ओढायचा नाही. नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर सर्जन सांगतील तोवर खांदा हलवायचाच नाही.

शेक देताना फार जपा. त्या कातडीला चटका कळत नाही, फोड संध्याकाळी कपडे बदलताना दिसतो. बोटं, कोपर, बगल रोज डोळ्यांनी तपासा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या हाताने बघा.

स्नायू थोडा जागा झाला की टेबलावर टाल्कम पावडर पसरा, हात त्यावर ठेवून सरकवा. हाताचं वजन टेबल घेतं, स्नायूला फक्त हलवायचं काम उरतं. हात स्वतःच्या वजनासकट पूर्ण उचलता येईपर्यंत डंबेल नको. आज सहा वेळा सरकला आणि उद्या सकाळी तीनच वेळा, तर काल जास्त झालं. एक दिवस विश्रांती द्या.

आणि लोकल. हात अडकवलेली गळ्यातली झोळी शर्टाच्या आत लपवू नका, बाहेर दिसू द्या, म्हणजे दादरला उतरणारे तो हात धरून ओढणार नाहीत. बॅग त्या खांद्यावर नको. गर्दीच्या वेळी एक गाडी सोडा.

आता तिसऱ्या रांगेतल्या ताई, तुम्ही पुढे या. यांचा हात तुम्ही घरी जसा धरता तसाच धरून दाखवा. घाबरू नका, कोपरापासून आपण दोघी मिळून बघू.